जिन्यातले देव किती उंचीवर लावावेत?

तुमच्या सोसायटीच्या जिन्यात पानाच्या पिचकाऱ्या पडत असतील, तर सगळ्यात आधी ‘येथे थुंकू नये’ ही पाटी उतरवा. पाटी वाचायला माणूस थांबतो, आणि थांबला की थुंकतो. त्यापेक्षा टाईल्सच्या दुकानात जा आणि ‘जिन्यातले देव’ मागा. दुकानदार पुढचं काही न विचारता सेट काढतो. गणपती, साईबाबा, क्रॉस, मक्का-मदिना आणि एक गुरुनानक. सर्वधर्मसमभाव इतक्या शिस्तीत एका ओळीत उभा राहिलेला दुसरीकडे कुठे पाहायला मिळणार नाही.

आता उंचीचं. टाईल गुडघ्याच्या जरा वर लावा. छातीच्या उंचीवर लावलीत, तर कुणीतरी हार घालतं, उदबत्ती खोचतं, आणि लाल भिंतीच्या जागी काळी भिंत पदरात पडते. दोन टाईल्समध्ये हातभरापेक्षा जास्त अंतर नको, कारण दोन देवांच्या मधली जागा निधर्मी समजली जाते आणि तिथे बिनदिक्कत थुंकलं जातं. लिफ्टमध्ये मात्र चारही कोपरे भरा. तीन कोपऱ्यांत देव बसवून चौथा पैसे वाचवायला सोडला, तर त्या चौथ्याचं काय होतं हे आमच्या सोसायटीत येऊन पाहा.

तुम्ही शिकलेले असाल तर या उपायाला विज्ञानाचा आधारही देता येईल. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या एका विभागात चहा-कॉफी स्वतः घ्यायची आणि पैसे डब्यात टाकायचे, अशी सोय होती. संशोधकांनी वरच्या दरपत्रकावर एका आठवड्याला फुलांचं चित्र लावलं, तर पुढच्या आठवड्याला माणसाच्या डोळ्यांचं. डोळ्यांच्या आठवड्यांत जवळजवळ तिप्पट पैसे जमले. २००६ साली हे छापून आलं. पुढे इतरांनी असेच प्रयोग केले तेव्हा दर वेळी हाच निकाल आला नाही, पण ते कमिटीच्या मीटिंगमध्ये बोलू नका. आणि ते डोळे कोणत्याही देवाचे नव्हते, हे तर मुळीच नको.

कमिटीत कुणी शंका काढलीच, तर शनी शिंगणापूरचं नाव घ्या. घरांना दारं नाहीत, कुलपं नाहीत, चोरी केली तर शनी दृष्टी घेतो. एवढं ऐकल्यावर समोरचा माणूस हात जोडतो. २०११ च्या जानेवारीत युको बँकेने तिथे बिनकुलपाची शाखा उघडली, हे आवाज चढवून सांगा. रोकड सुरक्षित ठेवायची सोय बँकेने केली होती, हे आवाज उतरवून. २०१५ मध्ये गावात पोलीस ठाणं आलं, ते गाळाच. नाहीतर कुणी विचारेल, की शनिमहाराज चोवीस तास ड्युटीवर असताना हवालदार कशाला? शिवाय २०२५ मध्ये देवस्थानच्या नावाने बनावट ॲप काढून भाविकांकडून पूजेचे पैसे उकळल्याचा गुन्हा दाखल झाला. ॲपला दार नसतं, त्यामुळे परंपरा मोडली असंही म्हणता येत नाही.

घरात एक पुरोगामी मेहुणा असतोच. तो जेवताना हॉलंड काढेल. तिथे निम्म्याहून जास्त लोक स्वतःला कुठल्याच धर्माचे म्हणवत नाहीत, आणि तुरुंग इतके ओस पडले की २०१५ मध्ये नॉर्वेचे कैदी आणून ठेवले. बरोबर आहे. त्याला लगेच आमटी वाढा आणि विचारा, सोव्हिएत रशियात सरकारने देव हाकलला होता, मग त्या छावण्या कोणी भरल्या? तो गप्प बसेल. तुम्ही जिंकाल. हॉलंडच्या रिकाम्या तुरुंगांमागे घोट्याला बांधायच्या इलेक्ट्रॉनिक पट्ट्या आणि छोट्या मुदतीच्या शिक्षा यांचाही हात होता, ही कंटाळवाणी गोष्ट तुम्हा दोघांपैकी कुणालाच नको असते. आपल्याकडे तर प्रश्नच सोपा. प्यू संस्थेच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ९७ टक्के भारतीयांनी देव मानतो असं सांगितलं. नास्तिकांनीच तुरुंग भरायचे म्हटलं, तर आपल्या बराकींत क्रिकेट खेळता येईल.

खरी गंमत पुढे आहे. २०१२ साली दोन मानसशास्त्रज्ञांनी ६७ देशांतल्या सुमारे १ लाख ४३ हजार लोकांची उत्तरं त्या-त्या देशाच्या गुन्ह्यांशी ताडून पाहिली. नरक मानणारे जास्त, तिथे गुन्हे कमी. स्वर्ग मानणारे जास्त, तिथे गुन्हे जास्त. कशामुळे काय होतं हे अशा आकड्यांवरून सिद्ध होत नाही, पण तेवढ्यासाठी कुणी थांबलंय का? समाज सुधारायचा तर कुंभीपाकाची कढई तापलेली ठेवा आणि स्वर्ग सरळ बंद करा. अडचण एवढीच, की कढईचं चित्र दाखवून देणग्या जमत नाहीत. त्यामुळे आपण उलटं केलं. कढई आजीच्या गोष्टीत राहिली आणि सुटकेचे मार्ग प्रत्येक तीर्थक्षेत्री, रांगेचा पास वेगळा.

हे मार्ग वापरायला मी एका साहेबांकडून शिकलो. कोणतं कार्यालय ते राहू द्या. फाईल तीन महिने अडली होती. मी पाकीट घेऊन गेलो तेव्हा साहेबांनी काचेखालच्या दत्ताच्या फोटोकडे पाहिलं आणि कानाच्या पाळ्यांना हात लावला. ‘‘आज गुरुवार. गुरुवारी मी शिवतसुद्धा नाही. उद्या या.’’ मी शुक्रवारी गेलो. पाकीट घेतल्यावर त्यांनी मला साबुदाण्याची खिचडी दिली, काल उरलेली. एका आठवड्यात फाईल सुटली. श्रद्धेने भ्रष्टाचार कमी होतो का, असं कुणी विचारलं, तर मी छातीठोक सांगतो, होतो. सातातला एक दिवस म्हणजे चौदा टक्क्यांहून जास्त.

तेव्हा मुलांना लहानपणापासून वार शिकवा. सोमवारी मटण नाही, गुरुवारी लाच नाही, श्रावणात दोन्ही नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या, त्यानंतरही देवळांच्या दानपेट्यांत त्या पडतच होत्या. संस्कार पक्के असले की बाद नोटसुद्धा कुठे चालते, हे माणसाला बरोबर समजतं.

एवढं सगळं केलंत की जिना स्वच्छ राहील. आमचा राहिलाय. परवा चौथ्या मजल्यावरचे काका माझ्या पुढून चालले होते. वळणावर थांबून त्यांनी चप्पल काढली, गणपतीच्या टाईलला हात लावून तो कपाळाला नेला. तोंड भरलेलं असल्यामुळे नामस्मरण नुसत्या मानेनेच झालं. मग चप्पल चढवून ते दोन पायऱ्या वर गेले, जिन्याच्या खिडकीतून वाकले आणि मोकळे झाले. भिंतीवर शिंतोडा नाही.

म्हणून एक राहिलंच. स्कूटर त्या खिडकीखाली लावू नका.