शिळी टर्की, खोटा भोपळा: एका फॉरवर्डला उत्तर

नोव्हेंबर अर्धा सरला की आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी ग्रुपांवर तो मेसेज येतोच. यंदा तीनदा आला. त्यातला एक थेट पुण्याहून, मावशीने पाठवलेला, वर स्वतःची ओळ जोडून: "तू तिकडे हे सगळं खात असशील म्हणून."

मेसेज लांबलचक आहे, पण त्यातले दावे पाच. थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणाला भाजलेली टर्की एका रात्रीत विष होते, उरली तर फेकून द्या. ठेवायचीच असेल तर गरम असताना फ्रिजमध्ये ठेवू नका, ओट्यावर पूर्ण गार होऊ द्या आणि सकाळी खळखळून उकळा. टर्कीत झोपेचं द्रव्य असतं, म्हणून अमेरिकन माणूस जेवून सोफ्यावर आडवा होतो. डब्यातला भोपळा भोपळा नसतोच, कंपन्या फसवतात. आणि शेवटचा: हॅलोविनच्या सणाला दारात सजावटीसाठी ठेवलेले भोपळे फुकट कुजतात, त्यांची भाजी करा. समारोपाला, "आपला भोपळा खा, त्यांचा पक्षी सोडा."

हसून सोडून दिलं असतं. पण या मेसेजने भीती नेमकी चुकीच्या जागी नेऊन ठेवली आहे. जे निर्धास्त खावं ते फेकायला सांगितलंय, आणि ज्याने पोट बिघडेल ते करायला.

आधी विषाचं बघू. थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी. अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम साधा आहे: शिजवलेलं मांस वेळेत फ्रिजमध्ये गेलं असेल आणि फ्रिज 40 अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण 4 अंश सेल्सियसच्या खाली असेल, तर ते तीन ते चार दिवस चालतं. गुरुवारची टर्की रविवारपर्यंत बिनघोर, फार तर सोमवार. त्यापुढे ठेवायची तर फ्रीझर. खाताना 165 अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे 74 अंश सेल्सियसपर्यंत, आतून गरम करायची. एका रात्रीत विष होण्याची यात कुठे सोयच नाही.

मेसेजमध्ये गीतेचाही दाखला आहे. सतराव्या अध्यायात शिळं अन्न तामसी माणसाला प्रिय असतं असं म्हटलंय, विष असतं असं नाही. आणि फोडणीचा भात, पोळीचा कुस्करा यांवर वाढलेल्या आपण शिळ्याच्या नावाने एवढं दचकावं? मटणाचा रस्सा दुसऱ्या दिवशी जास्त मुरतो हे घराघरात माहीत असतं. तेव्हा कोणी फॉरवर्ड पाठवत नाही.

"पण माझ्या ओळखीत एकाला खरंच झालं होतं," असं कोणीतरी म्हणतंच. झालं असेल. प्रश्न एवढाच की कशामुळे. इथे दुसरा दावा येतो, आणि खरा घोळ तिथेच आहे.

क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाचा एक जिवाणू आहे. अमेरिकेत पोट बिघडण्याच्या मोठ्या कारणांपैकी एक, आणि त्याच्या साथी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जास्त दिसतात, कारण सणाला मोठाली मांसं शिजतात आणि तासन् तास टेबलावर राहतात. याचे बीजाणू, म्हणजे कवचात झोपलेले जिवाणू, शिजवल्यावरही तग धरतात. मांस हळूहळू कोमट होत गेलं की ते जागे होतात. 43 ते 47 अंश सेल्सियसच्या आसपास यांची चंगळ. त्या उबेत एकदा वाढ सुरू झाली की दहा-बारा मिनिटांत संख्या दुप्पट होऊ शकते. दोन तासांत दहा वेळा दुप्पट म्हणजे एकाचे हजार. ओट्यावर "पूर्ण गार" होऊ दिलेली टर्की म्हणजे या मंडळींना दिलेलं आग्रहाचं आमंत्रण. म्हणूनच कृषी खातं म्हणतं, 40 ते 140 अंश फॅरनहाइट या पट्ट्यात अन्न दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका.

आता गंमत बघा. या जिवाणूचा त्रास खाल्ल्यानंतर सहा ते चोवीस तासांनी सुरू होतो. माणूस गुरुवारी चारला जेवतो, टर्की रात्री नऊपर्यंत टेबलावर, साडेनऊला पुन्हा एक तुकडा तोंडात. मग उरलेली फ्रिजमध्ये. शुक्रवारी दुपारी त्याच टर्कीचं सँडविच, आणि तासाभरात पोटात कळा. दोष कोणाला? सँडविचला. खरा गुन्हेगार आदल्या रात्रीचा तो तुकडा, म्हणजे टेबलावरचे पाच तास. फ्रिज बिचारा उगाच बदनाम.

"सकाळी खळखळून उकळा" हाही इलाज पुरत नाही. उकळल्याने जिवाणू मरतात, पण काही जिवाणू आधीच जे विष अन्नात सोडून बसतात ते उकळूनही जात नाही. स्टॅफिलोकॉकस या जिवाणूचं विष तसलंच, आणि रात्रभर बाहेर राहिलेल्या भातातलं एक विषसुद्धा. फोडणीच्या भाताचा शौक असणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

गरम भांडं फ्रिजमध्ये गेलं तर कॉम्प्रेसर जळतो, ही भीती माझ्या सासूबाईंनाही होती. त्यात तथ्य एवढंच की दहा लिटरचं उकळतं पातेलं आत ढकललं तर आजूबाजूचं दूध-दही तापतं, आणि पातेल्याचा मध्यही तासन् तास कोमटच राहतो. उपाय ओट्यावर नाही, डब्यांत आहे. मांस हाडावरून काढायचं, उथळ डब्यांत दोन-तीन इंचांचा थर करायचा, आणि जेवणं आटोपल्यावर गप्पा रंगायच्या आत डबे आत. अख्खी टर्की सांगाड्यासकट फ्रिजमध्ये कोंबणाऱ्यांचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. ती निवते उशिरा आणि जागा खाते ते वेगळंच.

झोपेचा दावा दोन वाक्यांत संपतो. झोपेचं म्हणतात ते द्रव्य, म्हणजे ट्रिप्टोफॅन, टर्कीत असतं, पण कोंबडीतही जवळपास तेवढंच असतं, आणि चिकन खाऊन कोणी ऑफिसात घोरत नाही. दिवाळीला श्रीखंड-पुरीवर ताव मारून आपण डुलक्या काढतो तेव्हा ताटात कुठली टर्की असते?

मांस टाकायचं नाही तर करायचं काय, हे मेसेज सांगत नाही, म्हणून मी सांगते. टर्कीच्या छातीचं मांस चिवट-कोरडं होतं, त्याला पुन्हा शिजवू नये. कांदा-खोबऱ्याचं वाटण परतून रस्सा आधी पूर्ण तयार करायचा आणि तुकडे अगदी शेवटी, गरम होण्यापुरते. पायाचं गडद मांस बारीक चिरून खिम्यासारखं मटार घालून परतलं तर पावाबरोबर छान लागतं. पण माझा जीव सांगाड्यावर. तो मोडून मोठ्या पातेल्यात, वर गार पाणी, कांदा, आलं, लसूण, तमालपत्र, आणि मंद आचेवर अडीच-तीन तास. गाळलं की जे हाती येतं त्याचा कोल्हापुरी पद्धतीचा पांढरा रस्सा होतो. तुपात दालचिनी, लवंग, वेलची, मिरे, त्यावर काजू-तीळ-खसखशीचं वाटण, मग हा गाळलेला अर्क आणि शेवटी नारळाचं दूध. दूध घातल्यावर उकळी फुटू द्यायची नाही, फाटतं. मीठ सर्वांत शेवटी, कारण बऱ्याच टर्क्या भाजण्याआधी मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या असतात. आणि इथल्या साध्या दुकानातली काळपट निळी खसखस नको, पांढरा रस्सा करडा होतो. पांढरी देशी दुकानात मिळते. रोझमेरी-सेज चोळलेला सांगाडा असेल तर ती चव येतेच, मला चालते. ज्यांना नाही चालत त्यांनी कातडी काढून टाकावी.

आता भोपळा. चौथ्या दाव्यात अर्धं सत्य आहे आणि तेवढ्यावरच तो उभा आहे. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन गोड, पिवळ्या गराच्या काही स्क्वॉशना, म्हणजे भोपळ्याच्याच भावंडांनासुद्धा, डब्यावर "पंपकिन" म्हणू देतं, हे खरं. सर्वांत खपणारा जो लिबीजचा डबा, त्यातलं फळ हॅलोविनच्या गोल नारिंगी भोपळ्यासारखं दिसत नाही हेही खरं. ते डिकिन्सन जातीचं, लांबट, फिकट बदामी सालीचं, इलिनॉय राज्यात मॉर्टन गावाच्या परिसरात पिकतं. पण म्हणून ते खोटं? वनस्पतिशास्त्रात ते कुकुर्बिटा मॉस्काटा. आपल्या लाल भोपळ्याच्या, म्हणजे डांगराच्या, बहुतेक जातीही मॉस्काटाच. उलट दारातला तो कोरीव नारिंगी गोळा कुकुर्बिटा पेपो, झुकिनीचा सख्खा भाऊ. म्हणजे ज्याला मेसेज "खोटा" म्हणतो तोच आपल्या घारग्यांच्या जास्त जवळचा. डबा उघडून वास घ्या, पटेल.

"आपला भोपळा, त्यांचा पक्षी" हे तर इतिहासालाच मान्य नाही. दोघेही मूळचे अमेरिका खंडाचे. मेक्सिकोतल्या ओहाकाच्या एका गुहेत सापडलेल्या भोपळ्याच्या बिया सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. आपल्याकडे तो आला कोलंबसानंतर, मिरची-बटाट्यासारखाच. आणि टर्की? 1612 मध्ये मुकर्रब खान या दरबाऱ्याने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी ती नेली, बादशहा चकित झाला आणि उस्ताद मन्सूरकडून तिचं चित्र काढून घेतलं. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पक्षी सोडायचा तर चारशे वर्षं उशीर झालाय.

डब्याबाबत सावध राहायचंच असेल तर एका गोष्टीत राहा. शेजारी शेजारी दोन डबे असतात. एकात नुसता भोपळा, दुसऱ्यात "पंपकिन पाय" नावाच्या गोड पदार्थासाठी साखर आणि मसाले घातलेला. घाईत दुसरा उचलून मी एकदा घारगे केले. लवंग-दालचिनीचे घारगे मुलांनी आनंदाने खाल्ले, नवऱ्याने मुकाट्याने. साधा डबा 15 औंसांचा, म्हणजे 425 ग्रॅम. तो कढईत वाटीभर गुळाबरोबर आटवायचा, चिमूट मीठ, वेलची. कोमट झाला की दोन चमचे तांदळाची पिठी आणि मावेल तेवढी कणीक, पाण्याचा थेंब नाही. आटवण्यात कंटाळा केला तर कणीक जास्त जाते आणि घारगे घट्ट होतात. एवढंच त्यातलं कसब. भरितासाठी मात्र डबा नको, दह्यात फोडी हव्यात. त्याला बटरनट स्क्वॉश आणावा, तोही मॉस्काटाच.

राहिला दारातला भोपळा. अखंड, न कोरलेला, गार जागी ठेवलेला असेल तर खाता येतो, विष नाही. पण तो वाढवला जातो कोरण्यासाठी. गर पाणचट, दोऱ्या-दोऱ्यांचा. भाजीला मेथीदाण्याची फोडणी कितीही खमंग द्या, पातेल्यात पाणीच सुटतं. आणि एकदा कोरला, आत मेणबत्ती लावली, आठवडाभर पायरीवर ठेवला, की त्यात बुरशी वस्तीला येते. थँक्सगिव्हिंगपर्यंत तो आतून काळा पडलेला असतो. त्याला भाजी म्हणून घरात आणणाऱ्याने टर्कीला विष म्हणू नये. तो कंपोस्टमध्ये. त्याच्यातलं खाण्यासारखं हॅलोविनच्याही आधी, कोरायच्या दिवशीच निघतं: बिया. धुऊन, पुसून, थोडं तेल, मीठ आणि लाल तिखट लावून ओव्हनमध्ये कुरकुरीत भाजायच्या. मावशीला मी त्याच पाठवणार आहे, डबाभर.