यादी गेली, आता संपादकांचं काय?

यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, मान्य संशोधन-जर्नलांची ‘केअर’ यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. जर्नल पारखायचं काम कॉलेजांवर आलं आणि सातारा-सांगलीच्या स्टाफरूममध्ये एकच प्रश्न: आता पेपर कुठे छापला तर धरला जाईल? इंग्लंडमधून ही चर्चा वाचताना वाटतं, संपादकाला कोणी काही विचारतच नाही.

इथे सरकारी यादी नाही. म्हणून सगळं आलबेल आहे असंही नाही. वायली या प्रकाशन कंपनीच्या हिंदावी जर्नलांतले आठ हजारांवर पेपर २०२३ मध्ये मागे घ्यावे लागले, बहुतेक विशेषांकांतले. पाहुण्या संपादकांवर सोडून दिलं की असं होतं. आपले चर्चासत्रांचे विशेषांक वेगळे कुठे आहेत?

पेपर छापण्याआधी तपासायला लेखकाने सुचवलेल्या परीक्षकाचा ईमेल जीमेलचा असेल, तर त्याचा खरा पत्ता त्याच्या विद्यापीठाच्या वेबसाइटवरून संपादकानेच शोधायचा. नाहीतर लेखक स्वतःच परीक्षक होतो आणि दोन दिवसांत कौतुकाने भरलेला अभिप्राय येतो.

पेपरातला किती मजकूर इतरांच्या लेखनाशी जुळतो, त्या साम्याच्या आकड्याचंही तेच. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, म्हणून ९ टक्क्यांचा रिपोर्ट जोडला की सुटलो. ते ९ टक्के निष्कर्षातच असले तर? आणि मराठी पेपर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल, तर सॉफ्टवेअरला मराठी दिसतच नाही, रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. मग साम्य शून्य! अशा वेळी युनिकोड फाइल मागवून पुन्हा तपासायचं.

चोरी सापडली की आपल्याकडे पीडीएफ गुपचूप उडवतात. १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या ‘कोप’ (कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स) या संपादकांच्या संघटनेची रीत उलटी आहे: आधी लेखकाला लेखी विचारा, उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर त्याच्या संस्थेला कळवा. पेपर जागेवरच ठेवून त्यावर ‘मागे घेतला’ असं ठळक लिहायचं. कोणी आणि का मागे घेतला ही नोंद सगळ्यांना फुकट वाचता आली पाहिजे.

आपल्याकडे घोडं अडतं ते इथे. संस्थेला कळवायचं म्हणजे प्राचार्यांना, आणि कॉलेजच्या जर्नलचे मुख्य संपादक बहुधा तेच. आपल्या स्टाफच्या पेपरवर त्यांनी निर्णय घेऊच नये. साताऱ्याची अशी फाइल सांगलीच्या संपादकाकडे जावी, सांगलीची साताऱ्याकडे. मात्र एकाच शिक्षणसंस्थेची कॉलेजं दोन्ही जिल्ह्यांत असतात, बदल्याही होतात. तिथे फाइल नुसती दुसऱ्या जिल्ह्यात नव्हे, दुसऱ्या शिक्षणसंस्थेकडे जायला हवी.