भुलीतून उशिरा उठणाऱ्या कुत्र्याला साखरेचं पाणी पाजू नका

उद्या बहिणीच्या कुत्रीचं ऑपरेशन, आणि आज तिला नेमका हा फॉरवर्ड आलाय: "भुलीचं बार्बिट्युरेट म्हणजे दयामरणाचंच औषध. हडकुळी कुत्री त्यातून उशिरा उठतात. जाग येत नसेल तर साखरेचं पाणी पाजा किंवा ग्लुकोज लावा. भूल असताना वेगळं वेदनाशामक लागत नाही. शीर सापडली नाही तर स्नायूत द्या."

बार्बिट्युरेट म्हणजे झोप आणणाऱ्या औषधांचं एक कुळ. आधी साखरेचं पाणी, कारण त्याने जीव जाऊ शकतो. गुंगीत गिळणं ताळ्यावर आलेलं नसतं. पाजलेलं पाणी श्वासनलिकेतून थेट फुप्फुसात उतरतं. शिरेतून ग्लुकोज दिलं तर मान उचलू लागलेला कुत्रा पुन्हा झोपू शकतो. बार्बिट्युरेटच्या बाबतीत याला 'ग्लुकोज इफेक्ट' असं नावच आहे. तपासणीत रक्तातली साखर कमी आली म्हणून डॉक्टर ग्लुकोज देतात, ती गोष्ट वेगळी.

मुळात ही भूल उतरते कशी? थायोपेंटोन हे भुलीचं बार्बिट्युरेट अर्ध्या मिनिटात मेंदूत पोचतं आणि 10-15 मिनिटांत तिथून स्नायूंत पसरतं, म्हणून जनावर डोळे उघडतं. औषध अजून अंगातच असतं. यकृत ते मागाहून सावकाश मोडतं. डोसावर डोस दिले की स्नायू आणि चरबी भरत जातात, मेंदूतून औषध उतरायला जागा उरत नाही आणि जाग यायला तास लागतात. यावर उतारा नाही. ऊब द्यायची, ऑक्सिजन लावायचा, कूस बदलायची आणि श्वासावरून नजर हलवायची नाही.

हडकुळ्या कुत्र्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे, मान्य. ग्रेहाउंड खरंच उशिरा उठतात. पण सॅम्स आणि म्यूर या संशोधकांनी 1988 मध्ये ग्रेहाउंडना आधी फिनोबार्बिटल (फिटचं औषध) देऊन यकृतातली औषध मोडणारी एन्झाइम वाढवली, तेव्हा थायोपेंटोन लवकर शरीराबाहेर पडलं. म्हणजे दोष एकट्या चरबीच्या कमतरतेचा नाही, यकृताच्या संथपणाचाही आहे. अशा जातींत दुसरं औषध वापरतात.

दयामरणाचं पेंटोबार्बिटल याच कुळातलं, हेही खरं. पण ते मुद्दाम भुलीच्या कितीतरी पट देतात. भुलीसाठी प्रीमेडिकेशननंतर, म्हणजे भुलीआधीचं गुंगीचं औषध दिल्यावर, थायोपेंटोन किलोमागे साधारण 10 मिलिग्रॅम धरतात: 20 किलोच्या कुत्र्याला 2.5 टक्क्यांचं द्रावण 8 मिली. तेही सगळं एकदम नाही. अर्धं द्यायचं, जबडा सैल पडला का बघायचं, मग थोडं थोडं. श्वास काही क्षण थांबू शकतो, म्हणून श्वासनलिकेत घालायची नळी आणि ऑक्सिजन हाताशी हवेतच.

वेदनाशामक लागतंच. बार्बिट्युरेट झोपवतं, वेदना मारत नाही. कमी मात्रेत ती उलट वाढवतं.

आणि स्नायूत? कधीच नाही. द्रावणाचा पीएच 10 च्या वर, म्हणजे ते तीव्र अल्कधर्मी असतं; शिरेबाहेर गेलं तर कातडी सडून गळते. चुकून गेलंच तर लगेच त्या जागी सलाईन टोचून ते पातळ करावं लागतं.