प्रेक्षक ओरडतात ते उगाच नाही

लेखात म्हटलंय की रॉ या डब्ल्यूडब्ल्यूईच्या दर आठवड्याच्या कुस्ती शोमधल्या मॅचचा निकाल आधीच ठरलेला असतो मग पब्लिकच्या आरडाओरड्याला काय अर्थ, हे मला अजिबात पटलं नाही. निकाल ठरलेला असतो हे आम्हाला लहानपणापासून माहितीये हो, पण तो ठरवणाऱ्याला बदलायला लावतं ते पब्लिकच. २०१४चा रॉयल रंबल आठवा, तीस पैलवान एकेक करून रिंगमध्ये येतात ती मॅच, लोकांना हवा असलेल्या डॅनियल ब्रायनला त्यात घेतलंच नाही आणि तिसाव्या नंबरवर रे मिस्टीरिओ आला तर लोकांनी त्यालाही हूट केलं, रे सारख्या लाडक्या माणसाला! मग ब्रायनसाठीचा तो ‘येस येस’चा गजर दर आठवड्याला वाढतच गेला आणि शेवटी रेसलमेनिया ३० या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या शोमध्ये त्याच ब्रायनने एका रात्रीत आधी ट्रिपल एचला हरवलं आणि मग ऑर्टन आणि बटिस्टा दोघांसमोर टायटल जिंकलं. मी तेव्हा इंदूरला आमच्या रामबागेतल्या घरी होतो, मी आणि धाकटा भाऊ दोन्ही हात वर करून इतके ओरडलो की आजी देवघरातून उठून आली, काय झालं रे म्हणून.

आता मंगळवारी भल्या पहाटे रॉ नेटफ्लिक्सवर लाइव्ह बघतो, पोहे नंतर. डिसेंबर २०२५ मध्ये जॉन सीना त्याच्या शेवटच्या मॅचमध्ये गुंथरसमोर टॅप आउट झाला, म्हणजे हात आपटून हार मानली, आयुष्यभर नेव्हर गिव्ह अप सांगणारा माणूस, आणि पब्लिकने आता हे निकाल ठरवणाऱ्या ट्रिपल एचला जे हूट केलं ना ते अगदी बरोबर होतं. मी तिथे असतो तर मीपण केलं असतं.