वाडा आपोआप पडावा म्हणून

साताऱ्यात मंगळवार पेठेत नाहीतर यादोगोपाळ पेठेत तुमचा वाडा आहे, तो वारसा यादीत आलाय आणि तुमची झोप उडालीय. उगाच. यादीतला वाडा पाडायला परवानगी लागते, पडायला लागत नाही. पहार खाली ठेवा, दुरुस्ती काढा. इंग्रजांनी 1839 साली प्रतापसिंह महाराजांना गादीवरून उतरवलं, तेव्हाही तो उभा होता म्हणता ना? मग त्याला उतरवायला दहा-बारा पावसाळे तरी द्या.

आधी सिमेंट. पांढऱ्या मातीच्या भिंतीवर चुन्याचा गिलावा असला की जोत्यातून चढलेली ओल उन्हाला उडून जाते. ही खोड मोडा. चुना खरवडा, एकास चार सिमेंट बोटभर थापा. ओल आत कोंडते, आणखी वर चढते, लोणा धरतो आणि मातीचा लगदा होतो. बाहेरून भिंत चकाचक. टिचकी मारल्यावर डबडब वाजली की काम मार्गी लागलं समजा. कोणी चुन्याचं नाव काढलंच, तर सांगा की तो विरवून मुरवावा लागतो, चुन्याच्या घाण्यात मळावा लागतो, गूळ-हिरड्याचं पाणी घालावं लागतं, आणि हे येणारा गवंडी सापडत नाही. यातलं शेवटचं तर खरंच आहे.

सागवानी खांब दगडी तळखड्यावर उभा केला तो जमिनीची ओल लाकडाला लागू नये म्हणून. तेव्हा तळखडा बुडेल इतकी फरशी वर घ्या आणि खांबाचा बुंधा काँक्रीटने आवळून टाका. वर ऑइलपेंट, चॉकलेटी. कडीपाटाखाली, म्हणजे लाकडी छताखाली, पीओपी ठोका. वाळवीला तेवढाच एकांत.

छपरासाठी पाऊस फुकट आहे. भिंतीजवळचं कौल सरकवा, पण एकच. दहा सरकवलीत तर माजघरात धार लागते आणि कोणीतरी शिडी आणतं. एका कौलाचं पाणी वाशावरून ओघळत तुळईच्या भिंतीत गेलेल्या टोकाशी मुरतं. तुळई कुजते ती तिथेच, जिथे डोळा पोचत नाही.

भिंतीत उगवलेला पिंपळ मुळासकट काढू नका, दर दिवाळीला वरून छाटा. मूळ जाड होतं, चिरे सुटतात. घाई असेल तर परसातली विहीर राडारोड्याने बुजवा, चौकात काँक्रीट ओता. पाण्याला मुरायला जोतंच उरतं. रस्ता दर डांबरीकरणाला उंच होत उंबऱ्याच्या वर जातो, त्यासाठी तुम्हाला बोटही हलवावं लागत नाही.

भिंतीला पोट आलं की टेकू लावू नका, फोटो काढा. वाडा पाडायचा अर्ज मे महिन्यात करा, पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींच्या नोटिसा निघतात तेव्हा. भाडेकरूंचाही प्रश्न त्याच कागदावर सुटतो.

दिंडी दरवाजा मात्र आधीच उतरवून ठेवा, कडी-कोयंड्यासकट. कास रस्त्यावर एखाद्या हॉटेलच्या तोंडाशी तो फार शोभतो. आणि तळखड्यांवर कुंड्या छान बसतात.