पेट्रोल संपलं नाही भाऊ

काल पहाटे मी सायकलवर असताना धामणगाव गढीच्या अलीकडं एक जण बाईक स्लो करून माझ्या बाजूबाजूनं चालायला लागला. मले वाटलं कौतुक करते आता. तर म्हणे, "काऊन भाऊ, गाडी बिघडली काय?" म्हटलं नाही गा, सहज. मग हेल्मेटकडं पाहत अर्धा किलोमीटर सोबत आला अन् शेवटी मुद्द्यावर आला, "युरिया आला काय दुकानात?"

कृषी केंद्रवाल्यानं सायकल चालवायची म्हणजे हे असंच राहते. पेरणी लागली की सकाळी सातला शटर वर, रात्री नऊ-दहाशिवाय खाली नाही, त्यात बियाणं, उधारीची वही, खतासाठी आधारच्या मशीनवर एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचा अंगठाच उठत नाही अन् मागं वीस जणांची लाईन. म्हणून साडेचारला निघतो, साडेसहाला परत. लोकं विचारतात वेळ कसा काढता, तर काही काढत नाही राजेहो, झोपेतून चोरतो. दुपारी खताच्या पोत्याला टेकून डुलक्या मारतो तो फोटो मात्र फेसबुकवर टाकत नाही, असं बायकोचं म्हणणं, अन् ते खरं आहे.

बावीस हजाराची गिअरची सायकल घरी आणली तेव्हा बाबा दोन दिवस बोलले नाही. त्यांनी चौदा वर्षं सायकलवर दुधाच्या कॅना वाहिल्या, मग कशीबशी लुना घेतली. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "सायकल सुटावी म्हणून म्या जिंदगी घासली अन् तू पैसे देऊन इकत आणली?" याला उत्तर नाही माझ्याकडं. आपल्याकडं सायकल ही मागं टाकायची वस्तू आहे, कमावता माणूस तिच्यावर दिसला की धंदा बसला समजतात. पुण्यात हाच माणूस फिटनेसवाला!

पण तब्येतीसाठी वगैरे सांगणं मलेच पटत नाही. त्या दोन तासात मले कोणी भाव विचारत नाही, बस एवढंच. (म्हणजे वर सांगितलं तसं, विचारतातच.)

बाकी आपल्या भागात हा शौक सोपा नाही. उन्हाळ्यात आठनंतर रस्त्यावर राहूच नये. पावसाळ्यात डांबर सोडून पांदणीत शिरलं की काळी माती टायर अन् मडगार्डच्या मधात अशी गच्च बसते की चाक फिरतच नाही, काडीनं उकरा, दहा पावलं ढकला, पुन्हा उकरा, शेवटी सायकलच खांद्यावर. अन् बाभूळ! काटा टायरमध्ये मोडून राहतो, बाहेरून दिसत नाही. माझ्या पंक्चरवाल्या काकांनी नवीन ट्यूब टाकायच्या आधी टायरच्या आतून सावकाश बोट फिरवायला शिकवलं, नाही तर तोच काटा नवीन ट्यूबही खाते. घमेल्यातल्या पाण्यात बुडबुडा दिसला की काका असे खुश होतात जसं सोनं सापडलं.

आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ मध्ये अमेरिकेतली रॅम (रेस अक्रॉस अमेरिका, म्हणजे आख्खी अमेरिका सायकलनं पार करायची शर्यत) एकट्यानं पूर्ण केली, जवळपास ४८०० किलोमीटर, बारा दिवसांच्या आत. मी मागच्या वर्षी एक २०० किलोमीटरची ब्रेव्हे केली, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब सायकलवारी, साडेतेरा तासांची मुदत असते, मले तेरा तास दहा मिनिटं लागली अन् त्यातली चाळीस मिनिटं तर्री पोह्यात गेली.

पण सरकारच्या मानव विकास योजनेत मिळालेली सायकल घेऊन आठवी-नववीच्या ज्या पोरी उलट्या वाऱ्यात दप्तर लटकवून रोज शाळेत जातात त्यांना कोणी सायकलिस्ट म्हणत नाही, ना हेल्मेट ना गिअर, तरी परवा चढावर दोघी गप्पा मारत मारत मले मागं टाकून गेल्या.

बाबा आता बोलतात. परवा सायकल ओसरीत उभी होती तर जाता जाता मागचं चाक अंगठ्यानं दाबून पाहिलं अन् म्हणे, "हवा कमी हाय." पंपानं पाहिलं तर खरंच कमी होती.

रविवारी भाऊ दुकान उघडणार, मी चिखलदऱ्याच्या घाटातल्या मोथा गावापर्यंत चढतो, जमलं तर चिखलदरा. उजेड पडल्यावरच घाटात शिरणार, अस्वलाचा भाग आहे. युरियाची चौकशी दुकानात करा, घाटात थांबवू नका, चढावर एकदा पाय टेकला की पुन्हा सायकल निघत नाही माझ्यानं.