हेडसेटमध्ये सीआरटी नसतो, आणि त्याने काहीच बिघडत नाही

जुन्या गेमची चर्चा निघाली की एक मजकूर हमखास पुढे ढकलला जातो. (लाइटगन म्हणजे टीव्हीवर रोखून खेळायची बंदूक, सीआरटी म्हणजे जुना जाडजूड खोक्यासारखा टीव्ही, आणि हेडसेट म्हणजे डोळ्यांवर लावायचं व्हीआरचं यंत्र.) थोडक्यात तो असा: "लाइटगनचे गेम सीआरटी टीव्हीशिवाय चालत नाहीत. हेडसेटमध्ये एलसीडी नाहीतर ओएलईडी पॅनेल असतं, म्हणजे व्हीआरमध्येही ते अशक्यच. जुगाड करून चालवलेच तर लॅग इतका की बदक उडून जातं, नेम कधीच जुळत नाही, पडद्याबाहेर गोळी मारून रीलोड होत नाही, आणि डोळ्यांवर हेडसेट असताना बंदुकीच्या साइटमधून बघायचं कसं?"

यातलं पहिलं वाक्य मूळ यंत्रापुरतं खरं आहे, आणि तेही सगळ्या यंत्रांपुरतं नाही. पुढचं सगळं त्या अर्ध्या खऱ्या वाक्यावर उभं केलेलं आहे.

"सीआरटी नाही, म्हणजे लाइटगन नाही"

निन्टेन्डोचा झॅपर ही लाइटगन काय करते ते आधी बघू. ट्रिगर दाबला की गेम एका फ्रेमसाठी, म्हणजे एका चित्रापुरता, अख्खा पडदा काळा करतो. पुढच्या फ्रेमला लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन काढतो. बदकं मारायच्या 'डक हंट' गेममध्ये दोन बदकं असली तर दुसऱ्याचा चौकोन त्याच्याही पुढच्या फ्रेमला येतो. बंदुकीच्या नळीतला फोटोडायोड (उजेड ओळखणारा भाग) फक्त 'अंधार' किंवा 'उजेड' एवढंच सांगतो. उजेड कितव्या फ्रेमला दिसला यावरून कुठलं बदक पडलं ते गेम ठरवतो. (दिव्याकडे बंदूक रोखून फसवता येत नाही, कारण काळ्या फ्रेमलाही उजेड दिसला तर गोळी बाद.) झॅपरमधलं सर्किट सीआरटीच्या सुमारे १५.७ किलोहर्ट्झ आडव्या स्कॅनसाठी, म्हणजे चित्र ओळीओळीने रंगवण्याच्या वेगासाठी, जुळवलेलं असतं. एलसीडीत तसा स्कॅन नाही, शिवाय चित्र उशिरा येतं. म्हणून खरा झॅपर नव्या टीव्हीसमोर आंधळा होतो.

नामकोची गनकॉन ही प्लेस्टेशनची बंदूक वेगळ्या तत्त्वावर चालते. ती कन्सोलचा व्हिडिओ सिग्नल स्वतःकडे घेते, आणि फ्रेम सुरू झाल्यापासून किती वेळाने चित्र रंगवणारा इलेक्ट्रॉनचा झोत बंदुकीच्या नळीसमोरून गेला ते मोजून जागा काढते. तिलाही सीआरटीच लागतो.

पण १९८७च्या 'ऑपरेशन वुल्फ'च्या आर्केड मशीनवरची बंदूक उजेड वाचतच नाही. ती मशीनवर पक्की बसवलेली आहे आणि ती किती फिरली एवढंच मोजलं जातं. १९९१च्या 'टर्मिनेटर २' आर्केडचंही तसंच. या दोघांसमोर सीआरटी होता खरा, पण बंदुकीला त्याची गरज नव्हती.

एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, तर फोटोडायोडच नाही. त्याच्या कोअरला (एकेका कन्सोलची नक्कल करणाऱ्या भागाला) बाहेरून क्ष आणि य असे दोन आकडे मिळतात. झॅपर असेल तर कोअर स्वतःच्या फ्रेमबफरमध्ये (तयार चित्र ठेवलेल्या मेमरीत) त्या जागेचा पिक्सेल उजळ आहे का ते बघतो; गनकॉन असेल तर तेच आकडे गेमला देतो. व्हीआरमध्ये हे आकडे भूमितीतून येतात: कंट्रोलरमधून एक सरळ रेषा काढायची आणि ती आभासी टीव्हीच्या काचेला कुठे छेदते ते शोधायचं. हेडसेटचं पॅनेल कुठल्या जातीचं आहे हे या हिशेबात कुठेच येत नाही. टीव्हीवर लावलेला स्कॅनलाइनचा शेडरसुद्धा (जुन्या टीव्हीसारख्या ओळी दाखवणारा परिणाम) फ्रेमबफरच्या नंतर बसतो, त्यामुळे तो ठेवा किंवा काढा, नेमाला फरक पडत नाही.

काळी-पांढरी झगमग मात्र हेडसेटमध्येही सुटत नाही, उलट तिथे ती डोळ्यांच्या अगदी जवळ असते. झगमगीने ज्यांना झटके येतात त्यांनी झॅपरच्या गेमपासून लांबच राहावं.

"करून बघितलं, चालत नाही"

असं म्हणणाऱ्यांनी बहुतेकदा एकच गोष्ट केलेली असते: हेडसेटमध्ये पीसीचा डेस्कटॉप उघडायचा, त्यावर एम्युलेटर लावायचा आणि कंट्रोलरच्या लेझरने माऊससारखा नेम धरायचा. ही वाट खरोखर वाईट आहे. लेझरचा कर्सर हात थरथरू नये म्हणून मुद्दाम गुळगुळीत केलेला असतो, म्हणजे तो हाताच्या मागून येतो. वर रॉ इनपुट (माऊसच्या थेट हालचाली) वाचणाऱ्या एम्युलेटरला हा कर्सर अनेकदा दिसतच नाही. मेम या आर्केड गेमच्या एम्युलेटरवर हीच वाट धरायची असेल तर लाइटगन प्रोव्हायडर (नेमाचे आकडे कुठून घ्यायचे ती सेटिंग) 'विन३२'वर ठेवून बघा. पण हा तात्पुरता इलाज झाला.

नीट वाट म्हणजे ज्या प्रोग्रॅममध्ये टीव्ही ही खोलीतली वस्तू आहे आणि बंदूक ही हातातली वस्तू आहे, तो वापरणं. विंडोज पीसीवरचं इम्यूव्हीआर हे त्याचं उदाहरण: खोली, जुने टीव्ही, कन्सोल, आणि आत रेट्रोआर्क या एम्युलेटर-प्रोग्रॅमचे कोअर. गेमच्या फाइल स्वतःच्या डिस्क-कार्ट्रिजमधून आणि बायोस (कन्सोलमधला मूळ प्रोग्रॅम) स्वतःच्या कन्सोलमधून काढलेला घ्या.

इथे पहिली चूक पोर्टची, म्हणजे कंट्रोलर जोडायच्या जागेची, होते. निन्टेन्डोचा झॅपर पोर्ट २ वर लावायचा. एफसीईयूएमएम या निन्टेन्डोच्या कोअरमध्ये त्या पोर्टचा डिव्हाइस प्रकार 'झॅपर' निवडायचा आणि झॅपरचा मोड माऊसऐवजी लाइटगनवर न्यायचा. प्लेस्टेशनवर 'टाइम क्रायसिस'साठी पोर्ट १ वर गनकॉन. कोनामीच्या 'लीथल एन्फोर्सर्स'ला मात्र जस्टिफायर ही कोनामीचीच बंदूक लागते, गनकॉन त्याला ओळखूच येत नाही. गेम सुरू होतो, मेनू दिसतो, पण गोळी सुटत नाही, असं झालं तर आधी हे बघा. बऱ्याच तक्रारी इथेच मिटाव्यात.

"लॅगमुळे बदक उडून जातं"

आकडा मांडूनच बोलू. समजा लक्ष्य २५६ पिक्सेलचा पडदा दोन सेकंदांत पार करतं, म्हणजे सेकंदाला १२८ पिक्सेल. चित्र ५० मिलिसेकंद, म्हणजे तीन फ्रेम उशिरा दिसलं, तर लक्ष्य सहा-साडेसहा पिक्सेल पुढे गेलेलं असतं. २४ पिक्सेल रुंद लक्ष्याच्या मध्यावर नेम असेल तर गोळी तरीही लागते, कडेवर असेल तर चुकते. तेव्हा लॅग जाणवतो हे खरं, पण त्याने खेळ मरत नाही. डोकं आणि हात पुढच्या क्षणी कुठे असतील याचा अंदाज व्हीआरचं रनटाइम (हेडसेट चालवणारं सॉफ्टवेअर) बांधतं, म्हणून ते हलके वाटतात. बदक कुठे वळेल याचा अंदाज त्याला बांधता येत नाही, म्हणून उशीर सगळा टीव्हीवरच्या चित्रात दिसतो.

तो कमी करायचा तर वायरने जोडा. वायरलेसच हवं असेल तर पीसी ते राउटर इथरनेट ठेवा, हेडसेट ५ गिगाहर्ट्झवर आणि राउटरच्या खोलीतच.

लॅग म्हणून जे सांगितलं जातं त्यातलं बरंचसं खरं तर रिफ्रेश दराचं, म्हणजे हेडसेट सेकंदाला किती वेळा चित्र दाखवतो त्याचं, असतं. गेम ६० फ्रेमचा आणि हेडसेट ९० हर्ट्झवर असला की एक फ्रेम दोनदा दिसते, पुढची एकदाच, आणि उडतं लक्ष्य अडखळत जातं. १२० हर्ट्झवर प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा येते. पीसी १२० टिकवत असेल तर तेच ठेवा. निन्टेन्डोचा खरा दर ६०.१च्या आसपास आहे, त्यामुळे दहाएक सेकंदांनी एखादी फ्रेम गळते. ती कळतही नाही. ५० हर्ट्झच्या टीव्ही पद्धतीची पाल आवृत्ती मात्र टाळा, ती कशातच नीट बसत नाही.

"नेम कधीच जुळत नाही"

जुळतो, फक्त चूक कुठली आहे ते आधी ओळखावं लागतं. क्रॉसहेअर (नेम कुठे आहे ते दाखवणारी फुली) चालू करा, बंदुकीवरून पडद्याच्या मध्यावर आणि चारही कोपऱ्यांवर रोखा, आणि क्रॉसहेअर कुठे पडतो ते बघा.

पाचही ठिकाणी तो एकाच दिशेला, सारखाच सरकलेला असेल तर दोष कोनाचा आहे. कंट्रोलर मुठीत धरल्यावर त्याचा दांडा जिकडे असतो आणि नेमाची रेषा जिकडे जाते या दोन वेगळ्या दिशा आहेत, आणि प्लास्टिकचा गनस्टॉक (कंट्रोलर बसवायचा बंदुकीचा सांगाडा) त्यात स्वतःचा तिरकेपणा घालतो. दोन मीटरवर १ अंशाची चूक म्हणजे ३.५ सेंटीमीटर. २७ इंची टीव्हीचं चित्र ५५ सेंटीमीटर रुंद, म्हणजे २५६ पिक्सेलच्या चित्रात सोळा पिक्सेल गेले. हे व्हीआरच्या बाजूने, बंदुकीचा कोन बदलूनच सुधारा. गेमच्या कॅलिब्रेशनने (नेम जुळवायच्या सोयीने) सुधारलंत तर ते पिक्सेलमध्ये होतं, आणि तुम्ही दोन पावलं पुढे आलात की पुन्हा बिघडतं, कारण तोच १ अंश आता कमी सेंटीमीटरचा झालेला असतो.

मध्य बरोबर, पण कडेकडे चूक वाढत जाते? मग चित्र कापलं गेलंय. निन्टेन्डोच्या २४० ओळींमधल्या वर-खाली आठ-आठ कापून २२४ दाखवल्या आणि नेमाचा हिशेब २४०वरच राहिला, तर मध्यावर चूक शून्य आणि वरच्या-खालच्या कडेला आठ ओळी. ओव्हरस्कॅनची काटछाट बंद करा. चूक फक्त आडवी वाढत असेल तर चित्र १६:९ ताणलेलं आहे, ४:३ करा.

हे झाल्यावरच गेमचं स्वतःचं कॅलिब्रेशन. मेममध्ये एफ२ ने सर्व्हिस मेनू उघडतो, त्यात बऱ्याच बंदुकीच्या गेमना ते असतं. एक खोच आहे: कॅलिब्रेशनच्या आधी काढलेली सेव्ह स्टेट (एम्युलेटरने साठवलेली खेळाची स्थिती) उघडली की जुनं कॅलिब्रेशनही परत येतं. 'काल बरोबर होतं, आज बिघडलं' याचं कारण पुष्कळदा हेच.

"रीलोड होत नाही"

रेषा टीव्हीला लागली नाही की ती आपोआप पडद्याबाहेर. आकडे कडेला अडकून राहत असतील तर रीलोडला वेगळं बटण द्या; मेममध्ये ऑफस्क्रीन रीलोडचा पर्यायही आहे. भिंतभर टीव्ही लावू नका, दर वेळी अख्खा हात फिरवावा लागतो. २७ इंची टीव्ही १.२ मीटरवर ठेवला तर तो नजरेचे साधारण २६ अंश व्यापतो. जुन्या गेमचे पिक्सेल तिथून स्वच्छ दिसतात आणि मनगट वळवलं की नळी बाहेर जाते. 'टाइम क्रायसिस'मध्ये आडोशाबाहेर येण्यासाठी गनकॉनचं बाजूचं बटण धरून ठेवावं लागतं. ते रिकाम्या हाताच्या ग्रिपवर द्या, नाहीतर बटण दाबताना नेम हलतो.

"साइटमधून बघता येत नाही"

येतं. एक डोळा मिटा. दोन्ही उघडे ठेवले तर जवळची साइट (बंदुकीवरची नेमाची खाच) दोन दिसणारच, खऱ्या बंदुकीवरही दिसते. अडचण आहे ती ट्रॅकिंगची. कॅमेरे हेडसेटवरच असतील तर गालाला टेकवलेला कंट्रोलर त्यांना दिसत नाही आणि नेम उडी मारतो. हात पुढे करून, चेहऱ्यापासून किमान ३० सेंटीमीटरवर धरा, आणि गनस्टॉकने कंट्रोलरवरचे इन्फ्रारेड एलईडी झाकले जात नाहीत ना ते बघा. नेम जुळला की क्रॉसहेअर बंद करा, मग साइटचा खरा उपयोग होतो.

त्या मजकुरात नसलेला एक आक्षेप मात्र मान्य करावा लागतो. सोफ्यावर शेजारी बसून दोघांनी एकाच टीव्हीवर गोळ्या झाडणं एका हेडसेटमध्ये जमत नाही. दोन बंदुका घेणाऱ्या गेममध्ये उजवा कंट्रोलर पोर्ट १ वर आणि डावा पोर्ट २ वर देऊन एकट्याने दोन बंदुका चालवता येतात, तेवढंच.